श्वासातल्या वायूंची देवाणघेवाण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

श्वसनाविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळी त्यांची उत्तरे एकत्र दिली आहेत. पहिले उत्तर लांबले आहे. परंतु पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचा उलगडा त्यावरच अवलंबून असल्याने ते वगळून पुढे जाऊ नये, ही विनंती.

प्रश्न : हवेत नायट्रोजन ७८ टक्के आणि ऑक्सिजन केवळ २१ टक्के असतो. तरीही फुफ्फुसे नेमका ऑक्सिजन रक्तात घेतात आणि नायट्रोजन जसाच्या तसा परत पाठवतात. ही निवड कोण करते?

उत्तर : ही निवड कोणीही करीत नाही. ऑक्सिजन हवेतून वेचून तो रक्तात ढकलणारा कोणताही पंप फुफ्फुसांत नाही. नायट्रोजनला रक्ताचे दार बंद असते, हेही खरे नाही. तोही वायुकोशांच्या, म्हणजे फुफ्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या, भिंतीतून रक्तात शिरतो आणि त्यात विरघळतो. मात्र शरीर नायट्रोजन वापरत नाही आणि तयारही करीत नाही. त्यामुळे रक्तात आणि वायुकोशांतील हवेत त्याचा दाब सारखाच राहतो, जितके रेणू आत जातात तितकेच बाहेर येतात, आणि हिशेब शून्यावर येतो. ऑक्सिजनचे तसे होत नाही, कारण पेशी तो सतत खर्च करतात आणि फुफ्फुसांकडे परतणाऱ्या रक्तात त्याचा दाब नेहमीच कमी असतो.

येथे दाब म्हणजे आंशिक दाब, अर्थात मिश्रणातील एकेका वायूच्या वाट्याचा दाब. समुद्रसपाटीला हवेचा एकूण दाब ७६० मिलिमीटर पारा धरला, तर कोरड्या हवेत ऑक्सिजनचा वाटा सुमारे १६० मिलिमीटर येतो. नाकातून आणि श्वासनलिकेतून जाताना हवा ३७ अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि बाष्पाने संपृक्त होते. या बाष्पाचा स्वतःचा दाब ४७ मिलिमीटर असल्याने ऑक्सिजनचा वाटा १५० पर्यंत उतरतो. वायुकोशांत पोहोचल्यावर तेथील जुन्या हवेत मिसळून तो सुमारे १०० होतो. शरीरभर फिरून आलेल्या रक्तात हाच दाब ४० असतो. १०० आणि ४० यांमधला हा उतार ऑक्सिजनला रक्तात नेतो. कार्बन डायऑक्साइडचा उतार उलट्या दिशेने आहे : येणाऱ्या रक्तात सुमारे ४६ आणि वायुकोशात ४०. हा फरक केवळ सहा मिलिमीटरचा असूनही पुरतो, कारण पाण्यात कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा पुष्कळ अधिक विरघळतो आणि त्यामुळे ओलसर पडद्यातून सुमारे वीसपट सहजतेने पार होतो. दाट रेणूंकडून विरळ रेणूंकडे आपोआप होणाऱ्या या प्रवासाला विसरण म्हणतात.

विसरणासारखी साधी गोष्ट एवढे मोठे काम करू शकेल, यावर शास्त्रज्ञांचाही चटकन विश्वास बसला नव्हता. डेन्मार्कचे ख्यातनाम शरीरक्रियाशास्त्रज्ञ ख्रिश्चन बोर यांचे मत असे होते की, फुफ्फुसे ग्रंथीप्रमाणे ऑक्सिजन रक्तात स्रवतात. त्यांच्याच प्रयोगशाळेत घडलेले ऑगस्ट क्रोघ आणि त्यांच्या पत्नी मारी क्रोघ यांनी अतिशय काटेकोर मोजमापे करून १९१० मध्ये दाखवून दिले की, धमनीतील रक्तात ऑक्सिजनचा दाब वायुकोशांतील दाबापेक्षा जास्त होत नाही. म्हणजे विसरणाखेरीज दुसऱ्या कोणत्याही यंत्रणेची गरज उरत नाही. आपल्या गुरूच्या सिद्धान्ताला असा छेद देणे त्यांना सोपे गेले नसणार. इंग्लंडमधले जॉन स्कॉट हाल्डेन यांनी तर त्यानंतरही स्रवणाची कल्पना सोडली नाही.

मग फुफ्फुसांचे काम कोणते? विसरणाला अनुकूल परिस्थिती सतत राखणे, हे त्यांचे काम. विसरणाची एक मोठी अडचण अशी की, अंतर दुप्पट झाले की लागणारा वेळ चौपट होतो. म्हणून पडदा अतिशय पातळ असावा लागतो आणि त्याचे क्षेत्रफळ अतिशय मोठे असावे लागते. श्वासनलिका दोन शाखांत विभागते, प्रत्येक शाखा पुन्हा दोन शाखांत, आणि अशा सुमारे तेवीस पिढ्यांनंतर वायुकोशांचे घोस लागतात. एका वायुकोशाचा व्यास सुमारे ०.२ मिलिमीटर असतो. दोन्ही फुफ्फुसांत मिळून असे तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात आणि त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानापेक्षा थोडेसेच कमी भरते. हवा आणि रक्त यांमधला पडदा बऱ्याच ठिकाणी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास जाड असतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तरीही त्यात वायुकोशाची पेशी, केशवाहिनीची (केसाहून बारीक रक्तवाहिनीची) पेशी आणि त्यांमधले आधारपटल असे तीन थर बसवलेले असतात. एवढ्या विस्तीर्ण पृष्ठभागावर कोणत्याही एका क्षणी ७० ते १०० मिलिलिटर रक्त पसरलेले असते, म्हणजे रक्ताचा थर जवळजवळ एका रक्तपेशीइतका उथळ असतो.

इतके लहान ओलसर कोश पृष्ठताणामुळे मिटून जायला हवेत. ते मिटत नाहीत, कारण वायुकोशांतील काही विशिष्ट पेशी पृष्ठताण कमी करणारे एक स्निग्ध द्रव्य स्रवतात. गर्भात हे द्रव्य पुरेसे तयार होण्यास शेवटचे काही आठवडे लागतात. फार लवकर जन्मलेल्या बाळांना श्वास घेणे इतके कष्टाचे का होते, याचे उत्तर या द्रव्याच्या अभावात आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. आता असे द्रव्य बाहेरून थेट बाळाच्या श्वासनलिकेत दिले जाते.

प्रश्न : उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असे शाळेत शिकलो. मग श्वास थांबलेल्या माणसाच्या तोंडात आपला उच्छ्वास फुंकला, तर त्याला अपायच व्हायला नको का?

उत्तर : शाळेतल्या आकृतीत एक बाण आत आणि एक बाण बाहेर असतो, आणि त्यामुळे आत जाणारा वायू निव्वळ ऑक्सिजन व बाहेर पडणारा निव्वळ कार्बन डायऑक्साइड असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात उच्छ्वासाच्या हवेत सुमारे १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्केच असतो. आत गेलेल्या ऑक्सिजनपैकी जेमतेम चौथा भाग आपण वापरतो. श्वास थांबलेल्या माणसाच्या दृष्टीने १६ टक्के ऑक्सिजन असलेली हवा पुष्कळच चांगली होय.

उच्छ्वासात इतका ऑक्सिजन उरण्याचे दुसरेही एक कारण आहे. शांत श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. त्यांपैकी सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकांतच अडकते. तेथे वायूंची देवाणघेवाण होत नाही. उच्छ्वास सोडताना ही न वापरलेली हवा सर्वांत आधी बाहेर येते. वायुकोशांतून येणारी हवा तिच्या मागे असते, आणि तिच्यात ऑक्सिजन सुमारे १४ टक्के असतो.

उरलेली ३५० मिलिलिटर ताजी हवा वायुकोशांपर्यंत पोहोचते, पण तीही रिकाम्या जागेत जात नाही. शांतपणे श्वास सोडल्यानंतरही प्रौढ माणसाच्या फुफ्फुसांत सुमारे अडीच लिटर हवा राहिलेली असते. म्हणजे एका श्वासागणिक त्या साठ्याचा सातवा भागच बदलतो. प्रथमदर्शनी ही व्यवस्था सदोष वाटते, कारण जुनी हवा पूर्ण काढून टाकली असती तर बरे, असे कोणालाही वाटेल. परंतु त्यामुळेच वायुकोशांतील ऑक्सिजनचा दाब श्वास घेताना आणि सोडताना फारसा वरखाली होत नाही, आणि उच्छ्वास चालू असतानाही रक्ताला ऑक्सिजन मिळत राहतो.

प्रश्न : दीर्घ श्वास घेतल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असे सर्वत्र वाचायला मिळते. मी घरी ऑक्सिमीटर लावून पाहिले, पण ९८ चा आकडा फार तर ९९ होतो. उपकरणात दोष आहे का?

उत्तर : उपकरण बहुधा ठीक आहे, आकडा वाढायला जागाच उरलेली नाही. रक्तातील पाण्यात ऑक्सिजन फार कमी विरघळतो : १०० मिलिलिटर रक्तात केवळ ०.३ मिलिलिटर. तेवढ्याच रक्तातील सुमारे १५ ग्रॅम हिमोग्लोबिन मात्र जवळजवळ २० मिलिलिटर ऑक्सिजन धरून ठेवते. निरोगी माणसात फुफ्फुसांतून निघालेल्या रक्तातील हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरलेलेच असते. त्यामुळे कितीही खोल श्वास घेतला, तरी त्यात आणखी भर घालता येत नाही.

हिमोग्लोबिनचा स्वभाव असा की, ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० पर्यंत उतरला, तरी ते ९० टक्के भरलेले राहते. त्याखाली मात्र ते झपाट्याने रिकामे होऊ लागते आणि ४० मिलिमीटरला सुमारे ७५ टक्क्यांवर येते. पेशींना ऑक्सिजन सोडून देण्यासाठी हा तीव्र उतार सोयीचा असतो. रुग्णाच्या बाबतीत मात्र त्याचा अर्थ वेगळा होतो. ९० हा आकडा परीक्षेतील गुणांसारखा वाचू नये. तेथपर्यंत येताना ऑक्सिजनचा दाब चाळीस टक्क्यांनी घटलेला असतो आणि पुढे निसरडा उतार असतो.

दीर्घ श्वासाचा खरा लाभ निराळा आहे. मिनिटाला बारा वेळा ५०० मिलिलिटर हवा घेतली काय किंवा चोवीस वेळा २५० मिलिलिटर घेतली काय, एकूण हवा सहा लिटरच होते. परंतु प्रत्येक श्वासातील १५० मिलिलिटर वाया जात असल्याने पहिल्या रीतीत ४.२ लिटर हवा वायुकोशांत पोहोचते, तर दुसरीत केवळ २.४ लिटर. उथळ आणि जलद श्वास म्हणून महाग पडतो.

ऑक्सिमीटरविषयी एक सावधगिरीची सूचना येथेच द्यावीशी वाटते. हे उपकरण बोटातून तांबडा आणि अवरक्त प्रकाश सोडून रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधते. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही लालभडकच दिसते, आणि हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो. बंद खोलीतील धुरात सापडलेल्या माणसाच्या बोटावर ९८ आकडा दिसला, तरी त्यावर विसंबू नये.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइड रक्तातून फुफ्फुसांपर्यंत कोणत्या रूपात येतो? तोही हिमोग्लोबिनलाच चिकटतो का?

उत्तर : काही अंशी. त्याचा थोडा भाग रक्तद्रवात विरघळून येतो, सुमारे पाचवा भाग हिमोग्लोबिनच्या प्रथिन-साखळ्यांना जोडून येतो (ऑक्सिजन ज्या लोहाच्या अणूला चिकटतो, ती जागा वेगळी), आणि जवळजवळ सत्तर टक्के भाग बायकार्बोनेटच्या रूपात येतो. तांबड्या पेशीत शिरल्यावर कार्बन डायऑक्साइडचा पाण्याशी संयोग होतो. एरवी ही क्रिया संथ असते. पण त्या पेशीतील कार्बोनिक अनहायड्रेज या विकराचा (एन्झाइमचा) एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा ती घडवून आणू शकतो. तयार झालेले बायकार्बोनेट पेशीबाहेर पडून रक्तद्रवात प्रवास करते, आणि फुफ्फुसांत हीच क्रिया उलटी चालून वायू मोकळा होतो.

या व्यवस्थेतला देखणा भाग म्हणजे दोन वायूंची एकमेकांना होणारी मदत. काम करणाऱ्या स्नायूत कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढली, की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरील पकड सैल होते. हा परिणाम १९०४ मध्ये मांडला गेला आणि तो बोर यांच्या नावाने ओळखला जातो. उलट, फुफ्फुसांत ऑक्सिजन चिकटताच हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड सोडू लागते. हा परिणाम हाल्डेन यांच्या नावाने ओळखला जातो. स्रवणाच्या वादात हे दोघेही चुकले असले, तरी त्यांची ही निरीक्षणे आजही तशीच टिकून आहेत.

प्रश्न : पोहण्याचा सराव करणाऱ्या मुलांना बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घेताना पाहिले. त्यामुळे पाण्याखाली जास्त वेळ राहता येते, असे ते म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : जास्त वेळ राहता येते, हे खरे आहे, आणि म्हणूनच ते जिवावर बेतू शकते. श्वास रोखल्यावर होणारी तगमग मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्याची नसून कार्बन डायऑक्साइड वाढल्याची असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत श्वासाची लय ठरते. रक्तातील कार्बन डायऑक्साइड मेंदूभोवतीच्या द्रवात सहज उतरतो आणि त्याची आम्लता वाढवतो. ती तेथील संवेदक पेशी चटकन हेरतात. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारे संवेदक मानेतील मोठ्या धमन्यांजवळ आहेत, आणि त्यांच्या शोधासाठी कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ऑक्सिजनचा दाब ६० च्या आसपास येईपर्यंत त्यांचा आवाज क्षीणच असतो.

भराभर श्वास घेतल्याने रक्तातील ऑक्सिजन वाढत नाही, हे वर आलेच आहे. त्याने कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. मग पाण्याखाली तो पुन्हा धोक्याच्या पातळीपर्यंत साचण्याआधीच ऑक्सिजन संपत येतो, आणि वर येण्याची निकड न वाटता माणूस थेट बेशुद्ध होतो. बेशुद्धीतच शरीर श्वास घेते आणि पाणी फुफ्फुसांत जाते. उत्तम पोहणारेही अशा रीतीने उथळ तलावात दगावले आहेत. मुलांना हा प्रकार ठामपणे थांबवायला सांगावे. यात तडजोडीला जागा नाही.

प्रश्न : उंच पर्वतावर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण किती टक्के उरते?

उत्तर : २१ टक्केच. बदलतो तो हवेचा एकूण दाब. ८८४८ मीटर उंचीच्या एव्हरेस्ट शिखरावर १९८१ मध्ये प्रत्यक्ष मोजलेला दाब २५३ मिलिमीटर होता, म्हणजे समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश. त्यातही बाष्पाचे ४७ मिलिमीटर तसेच राहतात, कारण ते उंचीवर नव्हे, तर शरीराच्या तापमानावर ठरतात. उरलेल्या २०६ च्या २१ टक्के म्हणजे श्वासनलिकेत ऑक्सिजनचा दाब केवळ ४३ भरतो; समुद्रसपाटीला फुफ्फुसांकडे परतणाऱ्या वापरलेल्या रक्तातील दाबाहून किंचितच अधिक. रिकाम्या हिशेबावरून तेथे माणूस जगू नये. परंतु गिर्यारोहक इतका जोराने श्वास घेतो की, वायुकोशांतील कार्बन डायऑक्साइड अगदी खाली उतरतो आणि त्याने सोडलेली जागा ऑक्सिजनला मिळते. राइनहोल्ड मेसनर आणि पेटर हाबेलर १९७८ मध्ये ऑक्सिजनची नळकांडी न वापरता शिखरावर पोहोचले, ते याच्याच बळावर. अर्थात त्यासाठी काही आठवडे उंचीची सवय करून घ्यावी लागते. सवय नसलेला माणूस एकाएकी तेथे नेऊन ठेवला, तर काही मिनिटांत बेशुद्ध होईल.

प्रश्न : आजारामुळे एक फुफ्फुस काढून टाकावे लागले, तर माणूस नेहमीसारखा जगू शकतो का?

उत्तर : दुसरे फुफ्फुस निरोगी असेल, तर बहुधा होय, पण धावपळीला मर्यादा येतात. विश्रांतीच्या वेळी तांबडी पेशी फुफ्फुसाच्या केशवाहिनीत सुमारे पाऊण सेकंद असते, आणि ऑक्सिजनने पूर्ण भरून जाण्यास तिला पाव सेकंद पुरतो. म्हणजे दोन-तृतीयांश वेळ राखीव असतो. एका फुफ्फुसातून सगळे रक्त जाऊ लागले, की तेथे एरवी मिटलेल्या केशवाहिन्या उघडतात आणि हा राखीव वेळही कामी येतो. जिना चढताना किंवा धावताना मात्र रक्ताचा वेग वाढून तोच साठा खर्ची पडतो, आणि दम लागतो. पडदा जाड करणाऱ्या फुफ्फुसविकारांत हीच कहाणी दिसते : बसलेल्या रुग्णाचे ऑक्सिमीटरवरील आकडे चांगले असतात आणि चालायला लावताच ते कोसळतात. म्हणून अशा रुग्णांची तपासणी सहा मिनिटे चालवून करतात.

कर्करोगासाठी संपूर्ण फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे काढण्याचे काम अमेरिकेतील शल्यविशारद एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी १९३३ मध्ये प्रथम केले. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता. त्यानंतर तो अनेक वर्षे व्यवसाय करीत राहिला आणि १९५७ मध्ये फुफ्फुसाच्याच कर्करोगाने निधन पावलेल्या ग्रॅहम यांच्यापेक्षा जास्त जगला.